मुरमाड जिरायत जमिनीत अश्वगंधा: पेरण्याआधी काय पाहावे?

बुराईकाठ (शिंदखेडा, जि. धुळे) यांचा प्रश्न

नमस्कार. शिंदखेडा तालुक्यात आमची आठ एकर जिरायत शेती आहे. त्यातील तीन एकर नाल्याकाठची मध्यम काळी असून उरलेली पाच एकर टेकडीच्या उताराला, हलकी आणि मुरमाड आहे. या पाच एकरांत आम्ही बाजरी, मूग आणि पाऊस बरा दिसला तर कपाशी घेत आलो. परंतु २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने दिलेल्या तडाख्यापासून हलक्या रानातील कपाशीवर फवारणीचा खर्चही भरून निघेनासा झाला आहे. पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, तोही दोन-तीन मोठ्या खंडांसह. विहीर डिसेंबरअखेरपर्यंत दोन-तीन पाणी देते, त्यानंतर फक्त गुरांपुरते.

गेल्या महिन्यात एका खाजगी कंपनीचा प्रतिनिधी गावात येऊन अश्वगंधा लावण्याचा आग्रह करून गेला. बियाणे तेच देणार, मुळे तेच उचलणार, फक्त बियाण्याची रक्कम आधी भरायची, असा त्यांचा प्रस्ताव आहे. त्यांच्या पत्रकावरील एकरी उत्पन्नाचे आकडे इतके गोड आहेत की त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी ज्यांनी हे पीक हाताळले आहे त्यांना विचारावे असे वाटले. ही वनस्पती गावठाणाच्या कडेला आपोआप उगवते, तिला ढोरे सहसा तोंड लावत नाहीत आणि दुष्काळातही ती हिरवी राहते, एवढे मी लहानपणापासून पाहिलेले आहे. पण आपोआप उगवणारे झाड आणि पाच एकरांचे पीक यांत बराच फरक असणार. आमच्यासारख्या जमिनीत मूळ पोसते का, पेरणी नेमकी केव्हा करावी आणि माल खरोखर कोण घेतो, या तीन बाबींवर अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

माळरान (पारोळा) यांचे उत्तर

भाऊ, जमिनीपासून सुरुवात करतो, कारण या पिकात पावसापेक्षा निचरा महत्त्वाचा असतो. अश्वगंधेला ६०० ते ७५० मिलिमीटर पाऊस मानवतो असे लिहिलेले आढळते आणि आपला पाऊस त्याहून कमी आहे. तरी आपल्याकडे पीक पाण्यावाचून मरण्यापेक्षा साचलेल्या पाण्याने कुजण्याचे प्रमाण अधिक दिसते. रेताड पोयट्याची किंवा हलकी तांबडी, साडेसात ते आठ सामू (आम्ल-विम्लता निर्देशांक, पीएच) असलेली, पाणी न धरणारी जमीन तिला आवडते. त्यामुळे तुमची पाच एकर मुरमाड जमीन कागदोपत्री तरी नाल्याकाठच्या तीन एकरांपेक्षा सरस आहे. काळ्या रानात मूळ फाटे फोडते, वाकडे होते आणि काढणीच्या वेळी जमीन तडकून टणक झालेली असल्याने अर्धे मूळ आतच तुटते.

परंतु 'हलकी' म्हणजे किती खोल, हे आधी पाहा. उताराच्या वरच्या टोकाला, मध्यावर आणि खाली असे गुडघाभर खोल खड्डे काढा. ज्या खड्ड्यात फूटभर तरी माती किंवा हाताने फुटणारा मऊ मुरूम लागतो तो भाग घ्यावा. जेथे वीतभर खाली कठीण पाषाण आहे तेथे मूळ आखूड आणि आडवे होईल. आखूड मुळाला बाजारात काय किंमत येते ते पुढे कोणी तरी लिहीलच. खड्डे जुलैत, पाऊस चालू असतानाच काढलेत तर निचराही कळेल: जोरदार सरीनंतर दुसऱ्या दिवशीही ज्या खड्ड्यात पाणी उभे आहे, तो भाग सोडून द्यावा.

पेरणी मृगाच्या पहिल्या पावसावर करू नये. हे खरीप पीक म्हटले जात असले तरी ते उशिराचे खरीप आहे. ज्या मंदसौर-नीमच भागात याची परंपरा आहे तेथे ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, मोठा पाऊस ओसरल्यावर पेरतात. जूनमध्ये पेरले तर रोप कोवळे असतानाच सततचा पाऊस लागतो आणि कोलमडून मर होते; शिवाय तण इतके माजते की निंदणीतच पैसा जातो. आपल्याकडे याचा एक फायदा असा की जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात साठ-पासष्ट दिवसांचा मूग पेरून ऑगस्टअखेर शेंगा तोडून रान मोकळे करता येते आणि त्याच वाफशावर, एक वखरपाळी देऊन, अश्वगंधा पडते. मात्र सप्टेंबरचा पहिला आठवडा ओलांडू देऊ नये. आपल्या भागातून मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला परततो आणि उशिरा पेरलेल्या रोपाला मूळ धरण्यापुरती ओलच मिळत नाही. ज्या वर्षी मूग लांबेल त्या वर्षी त्या तुकड्यात अश्वगंधेचा मोह टाळून हरभरा घ्यावा.

बी अगदी बारीक असते. फोकून पेरल्यास हेक्टरी १० ते १२ किलो, म्हणजे एकरी चार ते पाच किलो लागते. ओळीत पेरल्यास त्याच्या निम्म्यातही भागते. मी ओळीतलीच पेरणी सुचवीन, कारण कोळपे चालते आणि विरळणी नीट होते. बारीक चाळलेल्या वाळूत किंवा शेणखतात बी मिसळून, एक ते दोन सेंटिमीटरपेक्षा खोल जाणार नाही अशा बेताने टाकावे. खोल गेलेले बी उगवत नाही आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो. ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, रोपे महिन्याची झाली की विरळणी करून दोन रोपांत आठ ते दहा सेंटिमीटर ठेवावे. पुष्कळ जण जीव कासावीस होतो म्हणून रोपे उपटत नाहीत, आणि शेवटी काडीएवढी मुळे घरी आणतात. बी ताजेच घ्यावे. वर्षाहून जुने बी उगवणीला फसवते.

खताची हौस करू नका. शेवटच्या पाळीआधी कुजलेले शेणखत हेक्टरी दहा टनांच्या आसपास पुरते. युरिया ओतलात तर पाला तरारून येतो, मूळ तसेच राहते. तुमची विहीर जी दोन-तीन पाणी देते, त्यांपैकी एक पेरणीनंतर पावसाने दडी मारल्यास आणि एक नोव्हेंबरात द्यावे. काढणी दीडशे ते एकशे ऐंशी दिवसांनी, पाला पिवळा पडून गळू लागला आणि चिरबोट्यासारख्या कागदी वेष्टणातील फळे तांबडी झाली की करावी.

कच्चा माल (जळगाव) यांचे उत्तर

मी आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या लहान कारखान्यांसाठी मुळ्या, साली आणि पाने खरेदी करून देतो. त्यामुळे शेताच्या बांधापलीकडचे लिहितो. पारोळ्याच्या भाऊंनी आखूड मुळाचा उल्लेख केला, तेथूनच धरू.

अश्वगंधेच्या बाजारात क्विंटलचा एकच भाव नसतो. भाव प्रतीला असतो. सात सेंटिमीटरपर्यंत लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, सरळ, भरीव, मोडल्यावर कडकन तुटणारे आणि आतून पांढरेशुभ्र पिठूळ दिसणारे तुकडे पहिल्या प्रतीत जातात. त्याखाली पाच सेंटिमीटरपर्यंतचे आणि सेंटिमीटरभर जाडीचे. त्याखाली तीन-चार सेंटिमीटरचे बारीक तुकडे. आणि शेवटी तंतूंचा चुरा. पहिली आणि शेवटची प्रत यांच्या भावांत इतके अंतर पडते की दोघा शेजाऱ्यांचा एकरी उतारा वजनात सारखा असूनही एकाला पीक परवडते आणि दुसऱ्याला नाही. म्हणून पत्रकावर 'एकरी इतके क्विंटल गुणिले इतका भाव' असे गणित दिसले की त्यात कोणती प्रत धरली आहे, हे पहिल्यांदा विचारावे. बहुतेक वेळा सगळा माल पहिल्या प्रतीचा धरलेला असतो, आणि असे शेत मी अद्याप पाहिलेले नाही.

उताऱ्याविषयीही सावध राहावे. पारंपरिक पद्धतीने हेक्टरी तीन ते पाच क्विंटल आणि सुधारित बियाणे, विरळणी, वेळेवर पाणी एवढे सगळे जुळल्यास सहा ते आठ क्विंटल वाळलेली मुळे मिळतात. एकराच्या हिशेबाने हे सव्वा ते सव्वातीन क्विंटल होते. शिवाय हेक्टरी ५० ते ७५ किलो बी मिळते आणि पुढील वर्षाच्या बियाण्याचा खर्च त्यातून सुटतो. पत्रकातला आकडा याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर तो ओल्या मुळांचा असण्याची शक्यता आहे.

देशातील मोठी उलाढाल मध्य प्रदेशातील नीमच मंडीत होते. धुळ्याहून सेंधवा, इंदूर, मंदसौर असा मार्ग धरला तर अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास पडते. एकट्याने दोन पोती घेऊन जाणे परवडणारे नाही. चार-पाच जणांनी मिळून टेम्पो केला तर भाडे, हमाली आणि तोलाई वजा जाता काही उरते. त्यातही मंडीत प्रत ठरवणे पूर्णपणे व्यापाऱ्याच्या नजरेवर असते; म्हणून घरूनच तीन ढिगांत माल वेगळा करून नेणे हिताचे. मिसळलेल्या मालाला खालच्या प्रतीचाच भाव मिळतो, हा सर्वच मंडींचा रिवाज आहे.

आणखी एक बाब, जी पत्रकात कधीच नसते. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये अश्वगंधेच्या पानांचा औषधांत वापर टाळावा आणि मुळेच वापरावीत, असे सूचनापत्र काढले. पानांत विथाफेरिन-ए हे द्रव्य मुळांपेक्षा अधिक असते आणि अर्क काढणारे काही जण स्वस्त पडते म्हणून पाला मिसळत असत. तेव्हापासून चांगले खरेदीदार मालात पाला, देठ किंवा खोडाचा तुकडा सापडला तर पोते परत करतात. आयुर्वेदिक औषधकोशाप्रमाणे बाह्य पदार्थ दोन टक्क्यांहून अधिक चालत नाहीत. मातीचेही तेच: मुळाला चिकटलेली माती भाजल्यावर राखेत उरते आणि राखेचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की प्रयोगशाळा माल नापास करते. मुरमाड रानातील मूळ झटकले तरी स्वच्छ होते, काळ्या रानातील धुवावे लागते, आणि धुतलेले मूळ वेळेत वाळले नाही तर बुरशी धरते. तुमच्या पाच एकरांचा खरा फायदा मला तरी येथे दिसतो.

भाव मी मुद्दाम लिहीत नाही. आवक वाढली की तो एका हंगामात कोसळतो आणि आज वाचलेला आकडा मनात धरून कोणी तरी पुढच्या वर्षी पेरणी करतो.

तात्या (चोपडा) यांचे उत्तर

दोन हजार सालाच्या आगेमागे आपल्या खानदेशात सफेद मुसळीची जी लाट आली होती ती तुमच्या वयाच्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. तेव्हाही बेणे विकणारे मुबलक होते आणि मुळे विकत घेणारे मोजके. बेण्याचा भाव हाच पिकाचा भाव समजून लोकांनी केळीच्या बागा मोडल्या. बेण्याला गिऱ्हाईक सरले आणि भाव बसला. अश्वगंधेचे बियाणे मुसळीच्या बेण्याइतके महाग नाही, एवढाच फरक. जो माणूस बियाण्याचे पैसे आगाऊ घेतो त्याचा नफा तुमच्या पेरणीच्या दिवशीच पूर्ण झालेला असतो. मुळे उचलायला तो कशासाठी येईल, याचा विचार तुम्ही करा.

बुराईकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तात्या, तुमचा मुद्दा पटला. कराराचा मसुदा मी मागवून घेतला आहे. त्यात 'कंपनीच्या निकषांत बसणारा माल प्रचलित दराने खरेदी केला जाईल' असे एकच वाक्य आहे. निकष कोठेही दिलेले नाहीत. मी सध्या एक एकरावर प्रयोग करण्याच्या विचारात आहे. दोन शंका राहिल्या. आमच्या शेजारच्या बांधाला लागून पाहुण्यांची कपाशी आहे आणि त्यांच्या फवारण्या नोव्हेंबरपर्यंत चालतात. त्याचा काही परिणाम होईल का? आणि खालच्या बाजूला ज्या अर्ध्या एकरात गेली दोन वर्षे मिरची होती, तो तुकडा या पिकाला चालेल का? तेथे माती थोडी खोल आहे.

वाफसा (राहुरीचे कृषी पदवीधर, सध्या नंदुरबार) यांचे उत्तर

मिरचीचा तुकडा कृपया टाळावा. अश्वगंधा ही वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा यांच्याच कुळातील वनस्पती आहे, आणि या कुळाला लागणारे सूत्रकृमी, मर आणि पानांवरील करपा त्या जमिनीत आधीच वस्ती करून असतात. नंदुरबारच्या मिरची पट्ट्यात आम्ही हे वारंवार पाहतो. मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी मिरचीत उत्पादन घटवतो, परंतु अश्वगंधेत मूळ हाच माल असल्याने गाठीदार मूळ थेट शेवटच्या प्रतीत जाते. तुमचा मूग-बाजरीचा भाग याला अधिक योग्य आहे. मूगही काही सूत्रकृमींना आश्रय देतो, त्यामुळे मागील पिकाच्या मुळांवर गाठी आहेत का, हे दहा-बारा झाडे उपटून आधीच पाहिलेले बरे. बाजरीनंतर असा धोका कमी राहतो. वांगी-मिरचीवर दिसणारा ठिपकेदार भुंगा पाने खरवडून जाळी करतो, तोही या पिकावर येतो. सुरुवातीला अंडीपुंज आणि अळ्या हाताने वेचून नष्ट केल्यास सहसा फवारणीची वेळ येत नाही. बियाण्याला पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी किंवा थायरम हे रासायनिक बुरशीनाशक (किलोला तीन ग्रॅम) चोळले तर रोपे कोलमडण्याचे प्रमाण बरेच घटते. दोन्ही एकत्र चोळू नयेत, कारण रासायनिक बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारते.

कपाशीच्या फवारणीची शंका योग्य आहे आणि खानदेशात हा प्रश्न सर्वत्र येणार. औषधी मालात कीडनाशकांचे अवशेष, जड धातू आणि सूक्ष्मजीव यांची तपासणी होते आणि निर्यातीच्या मालात ती आणखी कडक असते. वाऱ्यावर आलेले औषध प्रामुख्याने पाल्यावर पडते, मुळावर कमी. परंतु पाल्यावरून ते पुढे जमिनीत उतरते. म्हणून कपाशीकडच्या बांधालगत दहा-पंधरा फुटांचा पट्टा सोडून त्यात तूर किंवा ज्वारीच्या चार-पाच दाट ओळी घ्याव्यात, आणि त्या ओळी अश्वगंधेच्या आधी, जूनमध्येच, पेराव्यात. म्हणजे फवारणीच्या काळात त्या उंच झालेल्या असतील. शेजाऱ्यांशी बोलून वारा तुमच्याकडे वाहत असताना फवारणी टाळता आली तर उत्तमच.

जातींविषयी थोडे लिहितो. मंदसौर येथून आलेल्या जवाहर असगंध-२० आणि जवाहर असगंध-१३४, तसेच लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेच्या पोषिता आणि रक्षिता या माहितीतील जाती आहेत. गुजरातमध्ये आणंदजवळ बोरियावी येथे औषधी वनस्पतींचे राष्ट्रीय संशोधन संचालनालय आहे आणि ते खानदेशाला लखनौपेक्षा पुष्कळ जवळ पडते. बियाण्याची चौकशी तेथेही करता येईल. गावठाणावरील जंगली झाडांचे बी मात्र कधीही वापरू नये. त्याचे मूळ चिवट आणि काष्ठमय असते. लागवडीच्या जातीत जो पिठूळपणा लागतो तो त्यात नसतो.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आणि भारतीय गुणवत्ता परिषद यांची ऐच्छिक प्रमाणन योजना आहे. एका एकरासाठी तिच्या मागे लागण्यात हशील नाही, पण पुढे शेतकरी गट झाला तर तिचा विचार करावा. मंडळाचे ई-चरक नावाचे खरेदी-विक्रीचे व्यासपीठही आहे, तेथे कोणत्या मालाला कोण मागणी नोंदवतो हे घरबसल्या पाहता येते.

सातपुडा पायथा (शहादा) यांचे उत्तर

एवढ्या हलक्या जमिनीत आणि ५०० मिलिमीटर पावसात अश्वगंधेपेक्षा सोनामुखी का नको? ती चारशे मिलिमीटरच्या आतही येते, कच्छ आणि जोधपूरच्या बाजूला तिची शेती होते, एकदा पेरली की दोन-तीन तोडण्या मिळतात आणि मूळ खणण्याचा त्रासच नाही. पाने नि शेंगा विकायच्या. जनावरेही तिला तोंड लावत नाहीत.

कच्चा माल (जळगाव) यांचे उत्तर

सोनामुखी कोरड्या हवेचे पीक आहे हे खरे, पण कच्छचा कोरडेपणा आणि आपला कोरडेपणा यांत भेद आहे. आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि जुलैत पेरलेल्या सोनामुखीची पहिली पानतोडणी, जी साठ ते नव्वद दिवसांनी येते, ती नेमकी परतीच्या पावसात सापडण्याची भीती असते. पानाचा भाव त्याच्या हिरव्या रंगावर ठरतो. सावलीत, पातळ थरात, उलथापालथ करीत वाळवलेले पान हिरवे राहते. एक दिवस ढगाळ गेला आणि ढीग साठून राहिला की ते काळपट-पिवळे होते आणि सेनोसाइड या पानातील औषधी द्रव्याचे प्रमाण ठीक असले तरी खरेदीदार नाक मुरडतो. मुळाला ही घाई नसते. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे ऊनही भरपूर आणि हवाही कोरडी. शिवाय सोनामुखीचा व्यापार बराचसा निर्यातीचा आहे आणि त्याची साखळी तमिळनाडूतील तिरुनेलवेली-तूतुकुडी, गुजरात आणि राजस्थान येथे बसलेली आहे. खानदेशातून दोन-चार क्विंटल पाने घेऊन कोणाकडे जाणार? शहाद्याकडे कोणाकडे पत्र्याची हवेशीर शेड रिकामी असेल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरून दोन पाणी देण्याची सोय असेल, तर मी विरोध करणार नाही.

वसुधा (साक्री) यांचे उत्तर

येथे खड्डे, बियाणे आणि मंडी यांवर पुष्कळ लिहिले गेले; मजुरीवर कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. अश्वगंधा काढायची ती जानेवारी ते मार्चमध्ये. त्या काळात आपल्या तालुक्यांतील निम्मी माणसे ऊसतोडीला गेलेली असतात, काही सुरतेकडे, आणि जी गावात उरतात त्यांना हरभरा आणि गहू सोडवत नाहीत. निंदणी, विरळणी, मुळे उपटणे, खोडापासून मूळ तोडणे, काठीने हलके झोडपून माती व तंतू वेगळे करणे, तुकडे करणे, उन्हात पसरणे, संध्याकाळी गोळा करणे आणि शेवटी प्रतवारी: ही सगळी हाताची कामे आहेत आणि त्यांतील बहुतेक बायकाच करतात. पत्रकात एकरी मजुरी म्हणून एक ठोकळ आकडा टाकलेला असतो, त्यात प्रतवारी आणि वाळवण धरलेली नसते, कारण घरच्या बायकांच्या कामाला कोणी मजुरी म्हणत नाही. भाऊ, तुम्ही हिशेब मांडताना ती धरा. आणि ती धरूनही पीक बाजरी-हरभऱ्याहून वरचढ ठरते का ते पाहा.

आमच्याकडे काढणीच्या आधी विहिरीचे पाणी शिल्लक असेल तर हलके ओलवून घेतात, म्हणजे मूळ न तुटता येते. पाणी नसेल तर बैलांच्या नांगराने ओळीच्या बाजूने तास काढून मागे वेचायला माणसे लावतात. मूळ थोडे तुटते, पण मजुरी निम्म्यावर येते. खोड तोडताना मुळाच्या मानेपासून एक-दोन सेंटिमीटर वर तोडावे. मान जाऊ दिली तर जाड भाग जातो, आणि खोड जास्त ठेवले तर जळगावचे भाऊ पोते परत करणार. सात ते दहा सेंटिमीटरचे तुकडे करून वाळवावेत. दहा-बारा टक्के ओल राहिली की तुकडा वाकत नाही, सरळ मोडतो. तोवर पोत्यात भरू नये. फळे आधी वेगळी खुडून, वाळवून, चोळून बी काढले जाते. हे काम सर्वांत चिवट आहे, पण पुढच्या वर्षी बियाण्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही.

बुराईकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

वसुधाताई, तुम्ही लिहिलेल्या मुद्द्याने माझे गणित बदलले. घरात कामाची माणसे चार आहेत आणि त्यांतील दोघांना फेब्रुवारीत हरभरा काढायचाच असतो, तेव्हा एक एकरही जास्त होईल असे दिसते. उताराच्या मधल्या भागात, बाजरीच्या तुकड्यालगत, अर्धा एकर निवडला आहे. तेथे काल खड्डा काढला तेव्हा फूटभराहून थोडी अधिक मऊ जमीन लागली. कंपनीचे बियाणे घेणार नाही. कराराचा मसुदा मात्र परत पाठवून प्रत, ओलावा, दर ठरवण्याची तारीख, वजन कोठे होणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे पाच तपशील लिहून मागितले आहेत. उत्तर येते का पाहू. तोपर्यंत खरेदीबाबत जळगावच्या भाऊंना विचारतो: अर्ध्या एकराचा माल तुम्ही पाहाल का?

कच्चा माल (जळगाव) यांचे उत्तर

जरूर पाहीन, पण खरेदीचा शब्द आत्ता देत नाही आणि इतर कोणी देत असेल तर तो मानू नका. पहिली मुळे निघाली की सगळा माल काढण्यापूर्वी शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून किलोभर मुळे उपटून, तुकडे करून, वाळवून पाठवा. निवडून निवडून चांगली पाठवू नका, कारण मग मी सांगितलेला अंदाज तुमच्याच अंगावर येईल. मूळ अजून बारीक असेल तर उरलेले पीक दोन-तीन आठवडे उभे ठेवता येते. मात्र मार्चच्या उन्हापलीकडे ठेवले तर ते काष्ठमय होऊ लागते. सोबत कागदावर पेरणीची तारीख, जातीचे नाव आणि काय-काय फवारले ते लिहा. काहीच फवारले नसेल तर तेही लिहा, कारण खरेदीदाराचा पहिला प्रश्न तोच असतो.